काचेच्या कपाटातले खोटे ठोकळे

वसंतभाऊजी गेल्याचं सकाळी भाच्याच्या फोनवरून कळलं आणि दुपारी बालवाडी समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. फोटोला हार, खाली दोन समया आणि मजकूर : ‘लहान मुलांवर अतोनात प्रेम करणारे, निवृत्तीनंतर खेळणी बनवण्याचा छंद जोपासणारे हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.’ त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. मी तोवर रडत होते. तो मजकूर वाचला आणि रडणं जागच्या जागी थांबून डोकं तापलं. हसतमुख? ताईच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस कॅमेऱ्याकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे संशयाने बघतो आहे, खांब तिरपा आहे म्हणून. आणि छंद? छंद म्हणजे तिकिटं जमवणं. भाऊजींनी जे केलं त्याला छंद म्हणणाऱ्यांनी त्यांच्या हातची एक गोष्ट कधी हातात घेतली नव्हती, हे मला पुढे दीडेक महिन्यात पुरतं कळलं. तेच सांगायला हे लिहायला बसले आहे. स्मृतिलेखात रागावू नये म्हणतात... पण मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

वसंत घाटोळे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. वर्ध्याकडच्या एका खेड्यातून भिलाईत आले आणि स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच होते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : यंत्राचा लोखंडी भाग ओतायचा असेल तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबायची, उचलायची आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लाकडात राहिलेली चूक लोखंडात जशीच्या तशी उतरते. त्यामुळे भाऊजींचा स्वभाव किचकट झाला होता, की स्वभाव किचकट म्हणूनच त्यांना ते काम दिलं होतं, हे ताईलाही कधी उलगडलं नाही. पोळी वाटोळी नसेल तर ते खायचे, पण फिरवून बघून खायचे. ताई म्हणायची, “मले भुकेला नवरा द्या, मोजणारा नका देऊ.”

खेळण्यांचं सुरू झालं ते माझ्यामुळे. मी खुर्सीपार वस्तीतल्या बालवाडीत शिकवत होते. एक समिती ती बालवाडी चालवायची, अजूनही चालवते. नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दाराची कडी बसत नव्हती म्हणून मी नुकत्याच निवृत्त झालेल्या भाऊजींना बोलावलं. कडी बसवून झाली आणि त्यांचं लक्ष सतरंजीवर गेलं. एक पोरगी प्लास्टिकच्या मोटारीचं तुटलेलं चाक चघळत बसली होती. भाऊजींनी ते तिच्या तोंडातून काढलं, चष्मा वर करून पाहिलं. कडा ब्लेडसारखी. ते माझ्याकडे वळले.

“कावून वो सुधाबाई, हे कोणी बनवलं?”

“मले काय माहीत? बाजारातून आलं. समितीनं पाठवलं.”

“बनवणाऱ्याचं नाव नाई याच्यावर. आमच्या शॉपात असा माल कोणी दिला असता तर फोरमननं त्याच्याच डोक्यावर मारला असता. अन् तुमी हे लेकराच्या तोंडात देऊन राहिल्या!”

जणू मोटार मीच बनवली होती. मीही चिडून म्हटलं, “मंग तुमीच बनवा ना, लय हुशार तर!” साळीने मेहुण्याला मारलेला टोमणा, दुसरं काही नाही. पण त्यांनी तो कामाच्या ऑर्डरसारखा घेतला आणि कडीचा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून निघून गेले.

टाउनशिपमध्ये जुन्या क्वार्टरांच्या सागवानी चौकटी काढून लोखंडी बसवल्या जात होत्या. त्या टाकून दिलेल्या चौकटी सायकलला बांधून ते रुआबांध्याच्या घरी आणू लागले. रंग घासून काढायचा, खिळे उपटायचे, लाकूड महिनोन् महिने मागच्या पडवीत ठेवायचं. चाकांसाठी हळदूचं लाकूड. वरून फक्त जवसाचं तेल, कारण लेकरू प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालतं, मग हातात धरतं, हे त्यांनी माझ्या बालवाडीत बसून पाहिलं होतं. ठोकळे, ओढायची गाडी, रिंगा घालायचा खांब, आकार टाकायची पेटी... प्रत्येक कड अंगठ्याने तपासलेली. आणि रविवारी सकाळी टेस्टिंग! गच्चीवर भाऊजी, खाली रस्त्यावर ताई. “येऊन राहिलं का कोणी?” “नाई, टाका!” मग गाडी धाडकन डांबरावर. तुटली नाही तर पुन्हा. शेजारचे लोक सुरुवातीला धावत यायचे, घाटोळे बायकोशी भांडून सामान फेकत आहेत असं समजून. तीन वेळा पडूनही जिचं चाक सैल झालं नाही तीच गाडी बालवाडीत यायची.

मुलांवर प्रेम म्हणाल, तर त्यांना मुलांचा गोंगाट सहन होत नसे. कोणाचा गालगुच्चा घेतला नाही, कोणाला चॉकलेट दिलं नाही. बालवाडीत आले की कोपऱ्यात खुर्ची टाकून कपाळाला आठ्या घालून बसायचे आणि बघायचे. मुलांना ते ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. “सुधाबाई, तुमचे इन्स्पेक्टर कडक आहेत, काई सोडत नाईत,” असं मला सांगायचे. प्रेमापेक्षा मोठी गोष्ट होती ती. चार वर्षांच्या मुलाचं मत हा माणूस फोरमनच्या मताइतकं गंभीरपणे घ्यायचा. आम्ही शिक्षिकासुद्धा घेत नव्हतो, आज कबूल करते.

त्यांचीच आणखी एक अट होती. शनिवारी प्रत्येक मुलाने एक खेळणं घरी न्यायचं, सोमवारी आणायचं. समितीला ते पटलं नव्हतं. हरवतील, म्हणे. भाऊजी म्हणाले, हरवली तर मी दुसरी करीन. मग सोमवारी सकाळी ते हजर. परत आलेला ठोकळा नाकाशी नेऊन वास घ्यायचे. “लसूण,” म्हणायचे, आणि चेहरा असा खुलायचा की काय सांगू. कोणाच्या आईने गोल ठोकळ्याने लसूण ठेचलेला. कोणी दाराला अडसर लावलेला. एकीने रिंगांचा खांब हळदीच्या हाताने उचललेला, तो कायमचा पिवळा झाला. एका मुलाचा बाप ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आखूड ठोकळा सारला आणि मुलाने रडून, भांडून तो सोमवारी परत मिळवला. मला वाटायचं, भाऊजी चिडतील. ते म्हणायचे, “कामात आली ना वस्तू? मंग झालं. घरात जिचं काम पडत नाई ते लेकराच्याही मनातून उतरते.” आणि खरंच, ज्या मुलांना मी फळ्यावर दोन आणि दोन शिकवताना घसा फोडत होते, ती मुलं चार आखूड ठोकळे रचून एका लांब ठोकळ्याएवढे भरतात हे आपापसांत ठरवून मोकळी झाली होती.

पण ते आधी भरत नव्हते. ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा सगळा संताप तिच्यावर उभा आहे.

ठोकळ्यांचा पहिला संच आला तेव्हा काय देखणा होता! मुलांनी लगेच पूल बांधायला घेतला. एका बाजूला एक लांब ठोकळा उभा, दुसऱ्या बाजूला चार आखूड एकावर एक आणि वर फळी. फळीवर गोटी ठेवली की ती घरंगळायची. सगळी मुलं हसायची. हेमीन नावाची एक काटकुळी पोरगी तेवढी हसली नाही. तिने आखूड ठोकळे बदलून पाहिले, जागा बदलून पाहिल्या. मग लांब ठोकळा उचलून सरळ भाऊजींच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, “दादा, ये ह लबरा हे.”

लबरा म्हणजे छत्तीसगढीत खोटारडा. मी घाबरून तिला मागे ओढणार, तोवर भाऊजी दुखरा गुडघा धरून जमिनीवर बसले होते. “कहाँ बेटा? दिखाओ.” तिने दाखवलं. काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा फरक असेल. त्यांनी दोन-तीनदा ठोकळे लावून पाहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना इतकं शरमलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही.

झालं होतं असं. वितळलेलं लोखंड थंड होताना आखडतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच किंचित लांब. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच. भाऊजींच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी पडलेल्या. आखूड ठोकळे साध्या पट्टीने मापले आणि लांब ठोकळे सवयीने त्या दुसऱ्या पट्टीने.

“म्या लोखंडासाठी मोजून राहिलो होतो,” ते म्हणाले. “लेकरू का थंडं होऊन आखडते?”

संच त्याच दिवशी परत गेला. मी म्हटलं, राहू द्या, मुलं आहेत, एवढं कोणाला कळतं? तर ते माझ्यावर असे खेकसले की बाहेर मुलांना न्यायला आलेल्या आया आत डोकावल्या. “तिला कळलं ना! जिला कळलं तिच्याच हातात खोटं माप देऊ? ती पुढे आपल्या डोळ्यावर भरोसा ठेवंल का ठोकळ्यावर?” दोन महिने खपून त्यांनी सगळे ठोकळे नव्याने केले. आधी हेमीनला दाखवले. तिने पूल बांधला, गोटी ठेवली. गोटी हलली नाही. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या खेळात गेली. भाऊजींना मिळालेलं सर्टिफिकेट ते एवढंच.

पहिल्या संचावर त्यांनी लाल ऑइलपेंटने फुल्या मारल्या, शॉपात नापास मालावर मारतात तशा. जाळला मात्र नाही. पेटीत भरून दिवाणाखाली ठेवला. “दिसत राहिलं पाहिजे,” म्हणाले, “नाई तर हात पुन्हा विसरते.”

आमची शेवटची भेट त्यांच्या घरीच झाली. दम लागत होता, बोलायला त्रास होता. मीही तोवर बालवाडीतून निवृत्त झाले होते. तरी त्यांनी विचारलं ते गाडीच्या दोरीबद्दल. कोणीतरी लांब दोरी बांधली आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. “गळ्याभोवती येऊ शकते... हातभरच ठेवा म्हणा... तुमी स्वतः जाऊन पाहा.” मी हो म्हटलं. गेले नाही. उद्या जाऊ म्हणत आठवडा गेला, आणि मग ते गेले.

दीड महिन्याने समितीचं निमंत्रण आलं : सेक्टर १० मधल्या सभागृहात ‘स्वर्गीय वसंतराव घाटोळे स्मृती दालन’. दालन म्हणजे एक काचेचं कपाट. आत निळा मखमली कपडा, दोन दिवे, त्यांचा फोटो आणि चकचकीत पॉलिश केलेले ठोकळे. ताई डोळे पुसत होती. अध्यक्षांनी रिबन कापली, टाळ्या झाल्या. माझ्या मनात आलं, इतके कोरे कसे? खुर्सीपारच्या दहा-बारा तुकड्यांनी आदळलेले, चावलेले, हळदीचे, लसणाचे ठोकळे इतके कोरे कसे? मी काचेला नाक लावलं. पॉलिशखाली, नीट पाहिलं तर, लाल रंगाची पुसट फुली होती. घासून काढलेली, पण लाकडात मुरलेली.

मग मी भाच्याला बाहेर ओढलं. निखिल पुण्याला नोकरी करतो, दिवसांसाठी आला होता तेव्हा समितीचे लोक घरी आले होते.

“तू दिले?”

“हो मावशी. दिवान के नीचे थे ना. बाबाने इतने संभाल के रखे होते, मले वाटलं बेस्ट वाले वही असतील.”

त्याला काय बोलणार? लहानपणापासून हॉस्टेलवर राहिलेलं पोर. जपून ठेवलेलं ते चांगलं, असंच कोणालाही वाटेल. पण अध्यक्षांना मी सोडलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, हा नापास माल आहे, काडीएवढं माप चुकलं म्हणून भाऊजींनी स्वतः नापास केलेला, त्यांच्या फोटोखाली हा ठेवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारणं आहे. बालवाडीतले खरे ठोकळे कुठे आहेत?

अध्यक्ष भला माणूस. वऱ्हाडातलाच, प्लांटमध्ये मोठ्या पदावर होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. “सुधाताई, ते फार खराब झाले होते हो. दाताचे डाग, काळे पडलेले. हायजीनचा प्रश्न येते ना. बालवाडी आपण पूर्ण नवीन केली, रंगीत प्लास्टिकचा सेट आणला, टीव्ही लावला. जुनं सामान काढून टाकलं. अन् हे बघा, काडीएवढा फरक... काचेतून कोणाला दिसून राहिला?”

काचेतून कोणालाच दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून तर काच लावतात. मी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, ‘आपल्या भावनांचा आदर आहे.’ पुढच्या दोन्हींना तेवढंही नाही. कपाट अजून तसंच आहे, लग्नाच्या रिसेप्शनला आलेले लोक त्यापुढे फोटो काढतात. म्हणून आज वर्तमानपत्राच्या पुरवणीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते : त्या कपाटातले ठोकळे वसंत घाटोळे यांचं काम नाही. ती त्यांची चूक आहे, आणि त्यांनी ती चूक म्हणून दडवली नव्हती. तुम्ही त्यांची कबुली घासून काढलीत आणि चुकीला पॉलिश केलंत. एका माणसाच्या हयातभराच्या प्रामाणिकपणाचं याहून वाईट काय करता येईल, मला सुचत नाही.

खरे ठोकळे शोधायला मी खुर्सीपारला गेले. बालवाडी चकाचक झाली होती. नव्या सेटमधल्या एका ट्रकचं चाक एवढ्यातच निघालेलं होतं आणि टीव्हीसमोर मुलं हाताची घडी घालून बसली होती. शिक्षिका नवी, तिला जुन्या सामानाचं काही माहीत नव्हतं. मग मी दुलारीबाईचं घर गाठलं. ती आमची सहायिका, माझ्याआधीपासून बालवाडीत झाडलोट, खाऊ, सगळं तिच्याकडे. तिने मला अंगणातूनच पाहिलं आणि पदर सावरत उभी राहिली.

“दुलारीबाई, वो लकड़ी के खिलौने कहाँ गए?”

चोरी पकडल्यागत ती खाली बघू लागली. मग म्हणाली, “कहिन के चूल्हा म डार दे. बोरा म भर के दे दिन. मोर ले नइ होइस, दीदी.” चुलीत घाल म्हणून पोत्यात भरून दिले, तिच्याने ते झालं नाही.

आणि तिने बाजूला होऊन पडवी दाखवली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर गल्लीतली सात-आठ पोरं होती. पिवळा झालेला रिंगांचा खांब होता, गाडी होती, दोरी हातभरच होती. पूल बांधणं चालू होतं. दात उमटलेले, काळे, कडा झिजून गुळगुळीत झालेले भाऊजींचे ठोकळे... मी उंबऱ्यावरच बसले. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. दुलारीबाईने पाणी आणलं.

डोळे पुसल्यावर मी पर्समधून कापडी पिशवी काढली. म्हटलं, दुलारीबाई, मला एकच दे. तो लांब ठोकळा, दाताचे डाग असलेला. ताईसाठी हवा आहे.

ताईचं नाव मी उगाच घेतलं. खरं सांगायचं तर निघण्याआधी मी माझ्या बैठकीतल्या शोकेसमध्ये पितळी गणपतीशेजारी जागा करून ठेवली होती.

दुलारीबाईने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

“नइ देवँव, दीदी,” ती म्हणाली. “तहूँ मन ले जाके अलमारी म धर देहू.”

तुम्हीही नेऊन कपाटातच ठेवाल! तीन पत्रं लिहिणारी मी, चारचौघांत अध्यक्षांना ऐकवणारी मी, आणि तिने मलाच त्यांच्या रांगेत बसवलं. मी पिशवीची घडी घातली आणि घडीची पुन्हा घडी घालत बसले. तेवढ्यात एक मुलगी ठोकळे ओळीने मांडत मांडत थेट माझ्यापर्यंत आली. मी कोण, कशाला आले, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मान वर न करता तिने माझ्या चपलेवर ठोकळ्याने ठोकलं.

“पाँव हटाओ. यहाँ से रोड जाएगा.”

मी पाय उचलून घेतला.